तीन जाहिराती, एक अर्ज

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी मराठवाड्यातल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर (सीएचबी). वय ३३. सेट ही पात्रता परीक्षा झालेली आहे, पीएच.डी. दोन वर्षांपूर्वी मिळाली, सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंवर. कायम जागा निघेल, निघेल म्हणत वर्षं चालली आहेत. मिस्टर जिल्हा बँकेत कायम आहेत, मुलगी ५ वर्षांची आहे. एका मैत्रिणीने जर्मनीतल्या विद्यापीठांच्या ३ जाहिराती पाठवल्या, त्या, अर्जाचा मसुदा, प्रबंधाचा सारांश आणि माझी कागदपत्रं सोबत जोडते. पहिली मृदा-सूक्ष्मजीवशास्त्रातली, ३ वर्षांची, पूर्ण वेळ, 'टीव्ही-एल ई १३' आणि '४ एसडब्ल्यूएस' शिकवणं. दुसरी ६५ टक्क्यांची. तिसरी नुसती शिकवण्याची. शब्दकोश घेऊन बसले तरी अर्धं कळलं नाही. आमचे प्राचार्य म्हणतात, सीएचबीचा अनुभव तिकडे कोण विचारतो? सासूबाई म्हणतात, तीन वर्षांच्या नोकरीसाठी कुणी भरला संसार हलवतं का? ती जागा पुढे कायम होते का? माझं जर्मन ए-१, म्हणजे अगदी पहिल्या पातळीपुरतंच आहे. एक कन्सल्टंट दीड लाख मागतो आहे. अर्ज करू का?
(नाव छापू नये.)

उत्तर

पहिल्या जाहिरातीला अर्ज कर. दुसरी-तिसरी बाजूला ठेव. कन्सल्टंटला एक रुपयाही देऊ नकोस. जर्मन विद्यापीठातल्या नोकरीच्या अर्जाला फी नसते आणि तुझ्या गाठींतले जिवाणू तुझ्याइतके दुसऱ्या कुणाला मांडता येणार नाहीत. ताई म्हणालीस म्हणून एकेरीतच लिहिते.

तिसरी जाहिरात आधी घेते, कारण तीच तुला सगळ्यात ओळखीची वाटली असणार. तिच्यावर 'लेरआउफट्राग' असं छापलं आहे. ही तिकडची तासिकाच. एका सेमिस्टरपुरता एखादा विषय शिकवायचा, तासामागे ठरलेले पैसे घ्यायचे. नोकरीचा करार नाही, आरोग्य विम्याची वर्गणी नाही, पेन्शन नाही, सुट्टीचे पैसे नाहीत. बाहेर चांगली नोकरी किंवा व्यवसाय असलेल्या माणसाने विद्यापीठात येऊन चार गोष्टी शिकवाव्यात, ही मूळ कल्पना. प्रत्यक्षात कित्येक शिकलेली माणसं, विशेषतः भाषा आणि मानव्यविद्यांतली, यावरच दिवस काढतात. एका तासिकेवरून उठून दुसऱ्या तासिकेवर बसायला साडेसहा हजार किलोमीटर जायचं काही कारण नाही. शिवाय तेवढ्या कमाईवर व्हिसाचं गणितही जमत नाही.

दुसरी ६५ टक्क्यांची जागा पीएच.डी. करणाऱ्यांसाठी आहे. जाहिरातीत 'स्वतःच्या शैक्षणिक पात्रतेसाठी, म्हणजे डॉक्टरेटसाठी संधी' असं वाक्य आहे ते त्याच अर्थाने. नैसर्गिक विज्ञानांत बहुतेक ठिकाणी हीच पद्धत असते. कागदावर दोन तृतीयांश वेळेची नोकरी आणि तेवढा पगार, प्रयोगशाळेत मात्र दिवसभर हजर. तुझी पीएच.डी. झालेली आहे. तू तिथे अर्ज केलास तर समितीचा पहिला प्रश्न असेल, ही पुन्हा का करते आहे? पण जाहिरात फेकून देऊ नकोस. तुझ्या वर्गातून एम.एस्सी. होऊन घरी बसलेल्या मुलींना पाठव. प्रवेश परीक्षा नाही, पीएच.डी.चं नोंदणी शुल्क भरत बसायचं नाही, उलट पहिल्या महिन्यापासून विमा आणि रजेसकट पगार. आपल्याकडे ही वाट किती जणींना माहीत असते?

आता पहिली जाहिरात. ही तुझी आहे, म्हणून हिच्यावर सावकाश लिहिते.

जर्मनीतली बहुतेक विद्यापीठं सरकारी, त्या त्या राज्याची. तिथली नोकरी म्हणजे सार्वजनिक सेवा. सार्वजनिक सेवेत माणूस निवडताना योग्यता, क्षमता आणि कामगिरी यांवरच निवडायचा, हे तत्त्व तिथल्या राज्यघटनेच्या ३३ व्या कलमातून आलेलं आहे. व्यवहारात याचा अर्थ असा, की जाहिरातीत ज्या अटी छापल्या त्याच अटींवर समितीला प्रत्येक अर्ज तपासावा लागतो. कुणाला मुलाखतीला बोलावलं, कुणाला नाही आणि का, हे लेखी ठेवावं लागतं. डावललेला उमेदवार कोर्टात जाऊ शकतो, म्हणून कार्मिक विभाग याबाबत फार काटेकोर असतो.

मी जर्मनीत निवड समित्यांवर बसते. आमच्यापुढे एक तक्ता असतो. डावीकडे अर्जदारांची नावं, वरच्या ओळीत एकेक अट आणि मधल्या चौकटींत अधिक, उणे किंवा काहीच नाही. भारतातून आलेल्या अर्जांच्या चौकटी कितीदा तरी मोकळ्या राहतात. ती गोष्ट त्या मुलामुलींना येत नसते असं नाही. अर्जात ती लिहिलेली नसते, किंवा बायोडेटाच्या सातव्या पानावर, राष्ट्रीय चर्चासत्रांच्या यादीखाली दडलेली असते. समितीतल्या माणसाने ती शोधून काढावी ही अपेक्षा चुकीची आहे. पन्नास-साठ अर्ज समोर असले की प्रत्येकाला मिनिटं मोजूनच मिळतात.

तुझ्या जाहिरातीत अटींचे दोन गट आहेत, ते रंगीत पेनाने वेगळे कर. पहिला गट आवश्यक अटींचा: संबंधित विषयातली पूर्ण झालेली डॉक्टरेट, मातीतले जिवाणू वेगळे करून वाढवण्याचा अनुभव, डीएनए क्रमवारीच्या माहितीचं 'आर' या संगणकीय भाषेत विश्लेषण आणि उत्तम इंग्रजी. दुसरा गट 'असल्यास चांगलं' असा: शिकवण्याचा अनुभव, शेतातल्या प्रयोगांचा अनुभव, जर्मन. पहिल्या गटातली एक जरी अट मुळातच नसेल तर अर्ज करण्यात अर्थ नसतो. दुसऱ्या गटातलं एखाद-दुसरं नसलं तर बिघडत नाही. तुझ्याकडे पहिल्या गटातलं सगळं आहे आणि दुसऱ्यातलं एक सोडून सगळं.

पण तू पाठवलेल्या अर्जाच्या मसुद्यात हे दिसत नाही. तू लिहिलं आहेस: 'मी प्रामाणिक आणि मेहनती असून आपल्या नामांकित विद्यापीठात सेवा करण्याची संधी मिळाल्यास मी कृतज्ञ राहीन.' या वाक्याने तक्त्यातली कोणती चौकट भरते? एकही नाही. तुझ्या प्रबंधाचा सारांश वाचून मी त्या जागी हे लिहिते: 'पीएच.डी.साठी मी चार तालुक्यांतल्या शेतांमधून सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी गोळा केल्या, त्यांतले ब्रॅडीरायझोबियम जिवाणू यीस्ट एक्स्ट्रॅक्ट मॅनिटॉल आगारवर वेगळे केले, १६ एस जनुकाची क्रमवारी बाहेरच्या प्रयोगशाळेकडून करून घेतली आणि मिळालेल्या माहितीचं विश्लेषण आरमध्ये स्वतः केलं.' या एका वाक्यात ३ चौकटी भरल्या. 'बाहेरच्या प्रयोगशाळेकडून' हे मुद्दाम ठेवलं आहे. कॉलेजात क्रमवारीचं यंत्र नव्हतं याची लाज वाटायचं कारण नाही, आणि मुलाखतीत 'यंत्र कोणतं होतं?' असं विचारलं की खरं काय ते बाहेर येतंच.

अर्जाचं पत्र दीड पानात बसव. जाहिरातीतल्या अटी ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने उत्तरं दे. वर जाहिरातीचा क्रमांक टाक, तो नसला तर अर्ज कार्यालयात भलतीकडे जातो. सगळं एकाच पीडीएफमध्ये, जाहिरातीत सांगितलेल्या आकाराच्या आत. फोटो नको. वडिलांचं नाव, जात, धर्म, वैवाहिक स्थिती यांतलं काहीही नको. आपल्या बायोडेटाच्या तळाशी असलेलं 'वरील सर्व माहिती खरी आहे' हे प्रतिज्ञापत्रही काढ. शोधनिबंधांमध्ये पैसे भरून आठवड्यात छापून आणलेले असतील तर ते गाळ. आपल्याकडे बढतीच्या गुणांसाठी ते छापावे लागतात हे मला माहीत आहे, पण तिथे असा एक निबंध बाजूच्या दोन चांगल्यांनाही संशयात ओढतो. तुझे दोन चांगले आहेत. त्या दोघांपुढे तुझं काम नेमकं कोणतं होतं, ते एकेका ओळीत लिही.

आता प्राचार्यांच्या म्हणण्याकडे येते. सीएचबीचा अनुभव तिकडे कोण विचारतो? पगार ठरवणारा विचारतो.

'टीव्ही-एल' हा राज्यांच्या कर्मचाऱ्यांचा सामूहिक वेतनकरार. हेसन राज्याचा स्वतःचा वेगळा आहे, बाकी सगळीकडे हाच. 'ई १३' ही त्यातली श्रेणी, पदव्युत्तर शिक्षण लागणाऱ्या कामाची. श्रेणीत पायऱ्या असतात आणि पगार श्रेणी व पायरी मिळून ठरतो. प्राध्यापकाशी घासाघीस करून काही होत नाही. २०२५ च्या तक्त्यात ई १३ च्या पहिल्या पायरीवर पूर्ण वेळेचा पगार महिना साधारण ४,६०० युरो होता. कर, आरोग्य विमा, पेन्शन, बेकारी विमा असं सगळं कापून एकट्या माणसाच्या हातात २,८०० च्या आसपास पडत. नवरा कमावता नसेल आणि तिथेच राहत असेल तर कराचा वर्ग बदलून थोडे जास्त.

मात्र पहिल्या पायरीवरच सुरुवात करावी लागते असं नाही. या कराराच्या विद्यापीठांसाठीच्या विशेष तरतुदींमध्ये लिहिलं आहे, की दुसऱ्या विद्यापीठात किंवा संशोधन संस्थेत केलेल्या त्याच प्रकारच्या कामाचा काळ तत्त्वतः धरायचा. एक वर्ष धरलं तर दुसरी पायरी, तीन धरली तर तिसरी. प्रत्येक पायरीमागे महिन्याला काहीशे युरोंचा फरक पडतो. तुझी तासिकेची वर्षं यात बसतात की नाही हे कार्मिक विभाग कागद बघून ठरवेल. तुझ्याकडे कागद आहे का, हाच खरा प्रश्न आहे.

म्हणून प्राचार्यांकडून अनुभवाचा दाखला घे. 'यांनी आमच्याकडे समाधानकारक काम केले, त्यांच्या भावी आयुष्यास शुभेच्छा' असा नको. दर शैक्षणिक वर्षाची सुरुवात आणि शेवटची तारीख, आठवड्याचे तास, वर्ग, विषय, प्रात्यक्षिकं घेतलीस त्यांची नावं, एम.एस्सी.च्या किती प्रकल्पांना मार्गदर्शन केलंस, हे सगळं त्यात हवं. इंग्रजीत, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. मसुदा तूच टाइप करून ने. साहेबांना सही करणं सोपं पडेल असं केलंस तर सही मिळते. नेमणुकीचे वर्षावर्षाचे आदेशही जमव, मस्टरच्या नोंदी लागल्या तर क्लार्कभाऊंना आत्ताच सांगून ठेव.

'४ एसडब्ल्यूएस' म्हणजे आठवड्याला ४ तासिका, ४५ मिनिटांची एक. त्याही व्याख्यानांचा काळ चालू असताना. हिवाळी सेमिस्टरचा तो काळ ऑक्टोबर मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत असतो, उन्हाळीचा एप्रिल ते जुलै. पूर्ण वेळेच्या मुदतीच्या जागेला साधारण इतकंच शिकवणं असतं, उरलेला वेळ संशोधनाचा. तू आज आठवडाभर एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात एसटीने धावत जे करतेस त्यापुढे हे हलकं वाटेल. पण तयारीची अपेक्षा निराळी आहे. तिथे नोट्स उतरवून देत नाहीत. विद्यार्थी तासात मध्येच थांबवून 'हे मला पटत नाही' म्हणतो आणि उत्तराची वाट बघतो. त्यात उद्धटपणा नसतो. शिकवण्याची भाषा कोणती हे तुझ्या जाहिरातीत स्पष्ट नाही. पदव्युत्तर वर्ग पुष्कळ ठिकाणी इंग्रजीत चालतात, पदवीचे बहुतेक जर्मनमध्ये. हे विचारून घ्यायला हवं, ते कसं ते शेवटी सांगते.

जर्मनबद्दल अर्जात 'ए-१, सध्या शिकते आहे' एवढंच लिही. बी-१ लिहून पुढे फोनवर अडखळू नकोस. आणि खरंच शिकत राहा. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आणि मॅक्स म्युलर भवन या दोन्ही ठिकाणी जर्मन शिकायची जुनी सोय आहे, मॅक्स म्युलरचे वर्ग ऑनलाइनही असतात, तुला पुण्याला जाऊन राहायला नको. प्रयोगशाळेत इंग्रजीवर निभावतं. घरमालक, डॉक्टर, मुलीची शाळा आणि नगरपालिकेची खिडकी यांच्यापुढे निभावत नाही.

आता सगळ्यात अवघड प्रश्न. ती जागा कायम होते का?

नाही. ही आशा मनात धरून जाऊ नकोस. २००७ सालापासून तिथे विद्यापीठीय मुदतीच्या करारांचा एक स्वतंत्र कायदा आहे. त्याप्रमाणे डॉक्टरेटपूर्वी ६ वर्षं आणि डॉक्टरेटनंतर ६ वर्षं (वैद्यकशास्त्रात ९) मुदतीचे करार देता येतात. मूल असेल तर एका मुलामागे २ वर्षांनी ही मर्यादा वाढू शकते, पण ती वाढवलीच पाहिजे असं विद्यापीठावर बंधन नाही. ही वर्षं संपली की एक तर कायम जागा, नाहीतर बाहेरच्या प्रकल्पाच्या निधीवर आणखी एक मुदतीचा करार, नाहीतर निरोप. पंचेचाळिशीच्या आतले, प्राध्यापक न झालेले जे संशोधक विद्यापीठांत आहेत, त्यांतल्या दर १० पैकी ९ जणांचे करार मुदतीचे आहेत. कायम म्हणजे बहुतांशी प्राध्यापकपदच, आणि स्वतःच्याच विद्यापीठात बढती घेऊन प्राध्यापक होणं तिथे सहसा होत नाही. दुसऱ्या गावच्या विद्यापीठाने बोलवावं लागतं.

हे दुखणं जर्मन माणसालाही आहे. २०२१ च्या जूनमध्ये त्यांच्या शिक्षण व संशोधन मंत्रालयाच्या एका चित्रफितीवरून मोठा गदारोळ झाला. तिच्यात हाना नावाच्या एका काल्पनिक तरुण संशोधिकेच्या तोंडून हा कायदा समजावला होता, आणि मुदतीचे करार असल्यामुळे एकच पिढी सगळ्या जागा अडवून बसत नाही, असा त्याचा सूर होता. अमराय बार, क्रिस्टिन आइकहॉर्न आणि सेबास्टियान कुबोन या तिघा अभ्यासकांनी 'मी हाना आहे' अशी हाक दिली. हजारो लोकांनी आपापल्या करारांची यादीच जाहीर केली: चार महिने, सहा महिने, एक वर्ष, पुन्हा चार महिने. मंत्रालयाला ती चित्रफीत काढून घ्यावी लागली, संसदेत चर्चा झाली, कायदा सुधारण्याचा मसुदाही आला. २०२४ च्या शेवटी सरकार कोसळलं आणि मसुदा तिथेच राहिला. मला त्या लोकांचा राग पूर्णपणे मान्य आहे. चाळिशीत पोचलेल्या, दोन मुलांच्या आईला डिसेंबरमध्ये कळावं की जानेवारीचा पगार आहे की नाही, हे कुठल्याही श्रीमंत देशाला शोभत नाही.

मग मी तुला जा का म्हणते? कारण तुझी तुलना जर्मनीतल्या कायम नोकरीशी नाही, तुझ्या आजच्या नोकरीशी आहे. तुझी नेमणूक दरवर्षी नव्याने होते, सुट्टीचे पैसे नाहीत, प्रयोगशाळा नाही, मार्च संपला की घरी. पुढ्यात आलेला करार ३ वर्षांचा आहे. त्यात पूर्ण पगार, विमा, वर्षाला ३० दिवसांची पगारी रजा आणि प्रयोगशाळा आहे. सोडून काय जातेस ते एकदा कागदावर मांडून बघ. आणि परत आलीस तरी हात रिकामे नसतील. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीची यादी लावताना पोस्ट-डॉक्टरेट अनुभवाला शिकवण्याच्या अनुभवाइतकेच गुण धरले आहेत, वर्षाला २, जास्तीत जास्त १०. त्यात तीन वर्षांतले चांगल्या नियतकालिकांतले निबंध मिळव. कायम जागा निघायची तेव्हा निघेल, तोपर्यंत तू नुसती वाट बघत बसलेली नसशील.

सासूबाईंचा प्रश्न टाळू नकोस. तीन वर्षांच्या नोकरीसाठी भरला संसार हलवायचा का, हे त्या बरोबर विचारतात आणि त्याचं बरोबर उत्तर 'नाही' असं आहे. संसार हलवू नका. मिस्टरांनी राजीनामा देऊ नये. बँकेच्या सेवानियमांत विनावेतन रजेची काय तरतूद आहे ते आधी वाचावं, तोंडी आश्वासनावर जाऊ नये. पहिले तीन-चार महिने तू एकटी जा. हे तुला आवडणार नाही, मुलीला सोडून जाणं सोपं नाही हे मला कळतं. पण घर मिळणं ही तिथली सगळ्यात मोठी डोकेदुखी आहे. विद्यापीठाच्या अतिथीगृहातल्या खोलीत तिघांनी राहून घर शोधण्यापेक्षा एकटीने शोधलेलं बरं. कराराची आणि घराची कागदं हातात आली, की मुलीला आणि मिस्टरांना बोलव. संशोधकाच्या परवान्यावर किंवा ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर) गेलेल्यांच्या नवऱ्याला वा बायकोला जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही आणि तिथे काम करायची मुभा असते. पूर्ण वेळेच्या ई १३ च्या पगारावर ब्लू कार्डची अट पूर्ण होते. मुलगी तोवर ६ वर्षांची होईल, म्हणजे पहिलीच्या वयाची. सरकारी शाळेला फी नाही, शिवाय मुलामागे महिन्याला सरकारी भत्ता मिळतो, २०२५ मध्ये तो २५५ युरो होता. वर्गातल्या पोरांत पडली की भाषा ती तुझ्याआधी उचलेल.

एक गोष्ट तू पत्रात लिहिली नाहीस, पण सोबतच्या कागदांवरून माझ्या लक्षात आली. तुझ्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग तुझं नाव, मग वडिलांचं. पीएच.डी.च्या प्रमाणपत्रावर लग्नानंतरचं नाव. पासपोर्टवर वेगळाच क्रम. आपल्या लोकांना यात काही वाटत नाही, तिथल्या कारकुनाला मात्र या तीन वेगळ्या बायका दिसतात. बायोडेटावर पासपोर्टप्रमाणेच नाव लिही. खाली एका ओळीत 'गुणपत्रिका माहेरच्या नावाने आहेत' असं सांगून विवाह नोंदणीचा इंग्रजी दाखला जोड. निबंधांत आजवर जे नाव वापरलंस तेच पुढेही ठेव. पीएच.डी.चं अजून तात्पुरतंच प्रमाणपत्र असेल तर दीक्षान्त समारंभाचं मूळ प्रमाणपत्र मिळवायच्या मागे आजच लाग, विद्यापीठाच्या परीक्षा विभागात त्याला किती वेळ लागतो ते तुला सांगायला नको. तुझं विद्यापीठ जर्मनीच्या 'अनाबिन' या सरकारी सूचीत मान्यताप्राप्त आहे का, तेही बघून त्या पानाची प्रत काढून ठेव. व्हिसाच्या वेळी लागते.

अर्ज गेल्यावर महिना-दीड महिना काहीच कळणार नाही. त्याचा अर्थ नकार नव्हे. मुलाखत बहुधा ऑनलाइन होईल: पंधरा-वीस मिनिटं तुझ्या कामावर बोलायचं, मग प्रश्न. सगळ्या उमेदवारांना बहुतेक तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारतात, म्हणून चेहरे कोरडे वाटतील. मनावर घेऊ नकोस. समान संधी अधिकारी म्हणून एक बाई बसलेल्या असतील, त्या तुझ्या विरोधात नाहीत, तुझ्यावर अन्याय होऊ नये म्हणून आहेत. लग्न, मूल, पुढचं बाळंतपण असलं काही विचारायला कायद्याने मनाई आहे. कुणी विचारलंच तर उत्तर द्यायला तू बांधील नाहीस. निवड झाल्यावरही कर्मचारी परिषदेची संमती, करार, व्हिसा यांत आणखी काही महिने जातात. जाहिरातीतली रुजू व्हायची तारीख पुढे सरकवून देतात, विचारायचं.

जाहिरातीच्या तळाशी, शंका असल्यास कुणाशी बोलायचं त्या प्राध्यापकांचा पत्ता दिलेला आहे. त्यांना आज उद्या एक ईमेल कर. 'रिस्पेक्टेड सर' नको, प्रबंध जोडू नकोस, दहा ओळींच्या वर जाऊ नकोस. मी कोण हे दोन ओळींत सांगून तीन प्रश्न विचार. शिकवणं कोणत्या वर्गांना आणि कोणत्या भाषेत आहे? जागा विद्यापीठाच्या स्वतःच्या पैशांवरची आहे की बाहेरून मंजूर झालेल्या प्रकल्पाची? आणि करार मुदतीच्या कायद्याच्या २ ऱ्या कलमातल्या पहिल्या पोटकलमाखाली होईल की दुसऱ्या?

शेवटचा प्रश्न तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे. पहिल्या पोटकलमाखाली करार असला आणि मधे बाळंतपणाची किंवा बालसंगोपनाची रजा घेतलीस, तर तेवढा काळ तुझ्या संमतीने कराराला पुढे जोडला जातो. दुसऱ्या पोटकलमाखाली, म्हणजे प्रकल्पाच्या पैशांवर असला, तर तो कायदा तशी हमी देत नाही, प्रकल्प संपला की करार संपतो. जाहिरातीत हे लिहिलेलं नसतं. विचारलेलं कुणाला खटकतही नाही, जर्मन उमेदवार हाच प्रश्न विचारतात. उत्तर आलं की मला कळव, आणि दाखल्याचा मसुदा प्राचार्यांकडे नेण्याआधी मला पाठव, मी नजर टाकते.